आमचा तालुका पहिला

आमचं खारबंदर आजवर कशातच पहिलं आलं नव्हतं. दहावीच्या निकालात नाही, स्वच्छतेत तर नाहीच नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जिल्ह्याचा नकाशा आला आणि त्यात आमचा तालुका सगळ्यांत उठून दिसला, तेव्हा मी आधी खूशच झाले. मग खालचं वाचलं. कॅन्सरने होणारे मृत्यू, तालुक्याप्रमाणे, दर लाख लोकांमागे. कुठल्याशा सेवाभावी संस्थेने काढलेला नकाशा होता. बाकीचे तालुके फिकट गुलाबी, शेजारचा तर जवळजवळ पांढरा, आणि आमच्यावर जणू कोणी कोकमाचं आगळ सांडलं होतं.

अर्ध्या तासात ग्रुपने निकाल लावूनही टाकला. एक म्हणाला, जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्याने पाणी नासवलं. दुसरा म्हणाला, मोबाइलचा टॉवर. तिसऱ्याने मशिदीमागच्या विहिरीचा फोटो टाकला. नुसता फोटो, आणि खाली एक प्रश्नचिन्ह. ह्याचा विहिरीच्या मालकाशी कुंपणावरून वाद आहे हे अख्ख्या ग्रुपला ठाऊक. तरी फोटो बघून मलाही कसंतरी झालं. लग्न होऊन गेले तेव्हा चार वर्षं मी तेच पाणी प्यायले होते.

नकाशा मी जपून ठेवला. मला तो हवाच होता.

त्याचं असं, की गेल्या आठवड्यात जेवता जेवता माझा नवरा म्हणाला, "खलास. आता गावी जाऊ. कायमचं."

रफिक दुबईतल्या अल क्वोजमध्ये एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचा फोरमन आहे. वीसेक वर्षं झाली. राहतो आम्ही अजमानला, कारण दुबईत राहायचं तर जेवण सोडावं लागेल. सकाळी अंधारात कंपनीची व्हॅन त्याला घेऊन जाते आणि संध्याकाळी थिनरच्या वासासकट परत आणून सोडते. हा माणूस सुट्टीत गावी गेला की पंधरा दिवसांत कंटाळतो, तिथल्या लाइटला नावं ठेवतो, रस्त्यांना नावं ठेवतो. त्याला एकाएकी गाव आठवलं, आणि तेही कायमचं, आणि तेही आमच्या मुनिबाची अकरावी अर्धी झालेली असताना.

"बारावी होऊ दे तिची," मी म्हटलं.

"तिकडे कॉलेज नाही का?"

"तिकडे तुम्हाला काय आहे?"

"आई आहे," तो म्हणाला.

आई काही नवीन नव्हती. पूर्वीपासून होती.

माझी शाळा दहावीपर्यंतची. पुढचं आपलं आपण. हिंदी शिकले बिल्डिंगच्या वॉचमनकडून, एक्सेल मोबाइलवर बघून, आणि संशय घेणं नवऱ्याकडून. त्याने तसं काही केलेलं नाही कधी, पण बोलायचं नाही ही त्याची सवय, मग माणसाने उरलेलं स्वतःच भरून काढायचं. तर त्या शुक्रवारी मी ताट वाढलं आणि ताटाशेजारी मोबाइल ठेवला.

"बघा. हा आपला तालुका. इथे मी पोरीला न्यायची?"

त्याने नकाशा दोन बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघत राहिला.

"ह्यात आपलं गाव दिसत नाही."

"तालुका दिसतो ना."

"पाण्यात काही नाही शहनाझ. आई त्याच पाण्यावर ऐंशीची झाली."

"मी पाण्याचं नावच घेतलं नाही अजून."

"ग्रुप मी पण वाचतो," तो म्हणाला आणि बंगड्याचे काटे काढायला लागला. थोडा खोकला, पाणी प्यायला. एसीमुळे खोकतो, असं तो दोनेक महिने सांगत होता.

आता बंगड्याचं सांगते. हा माणूस किमतीवर बोलल्याशिवाय बंगडा खात नाही. इतके दिरहम, म्हणजे इतके रुपये, तेवढ्यात गावी टोपली आली असती, हे मी लग्नापासून ऐकत आलेय. त्या दिवशी मीच मुद्दाम म्हटलं, "पंचवीस दिरहम किलो झाला." म्हणजे सहाशे रुपये, हे त्याने म्हणायचं होतं. तो नुसता "हं" म्हणाला.

माझा संशय तिथे पक्का झाला. कशाचा, ते ठरायचं होतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये मृणालिनी राहते. पुण्याची आहे, इन्शुरन्सच्या ऑफिसात काम करते, आणि दुसऱ्याच्या घरातल्या भानगडीवर तिच्याकडे कायम दोनतीन मतं तयार असतात.

"कंपनीने काढलं असणार," ती म्हणाली. "आमच्या राजनला काढलं तेव्हा महिनाभर टाय लावून मॉलमध्ये जाऊन बसायचा. मला घरी येऊन मीटिंगमध्ये काय झालं ते सांगायचा."

"हे टाय लावत नाहीत. आणि व्हॅन येते रोज, थिनरचा वासही येतो."

"मग बाई?"

"ह्या वयात त्यांना कोण घेणार आहे?"

"तू घेतलंस ना."

"मला दाखवून नव्हतं दिलं."

हसलो दोघी. पण घरी येऊन मी त्याच्या पँटचे खिसे तपासले. खोकल्याच्या गोळ्यांचे रिकामे कागद निघाले, मूठभर. बायकांना भेटायला जाणारा माणूस एवढ्या गोळ्या खाईल असं काही वाटेना.

दुसरी गोष्ट, पेटी. गावी जायचं ठरलं की इथल्या घरांत महिना-दोन महिने आधीपासून कोपऱ्यात कार्गोची पेटी उभी राहते. भलंमोठं खोकं. त्यात दर पगाराला काही ना काही पडत जातं, ब्लँकेट, दूध पावडर, साबण, अत्तर, भाच्यांचे बूट. मग ती दोरीने आवळून जहाजाने पुढे जाते आणि माणूस मागाहून. सुट्टीवर जातानाही रफिकची पेटी सगळ्यांत जड असायची. आता कायमचं चाललेल्या माणसाच्या घरात कोपरा रिकामा. विचारलं तर म्हणाला, "कशाला ओझं? हातातली बॅग पुरे."

आणि तिसरी गोष्ट बदरुद्दीनची.

बदरुद्दीन आमच्याच बाजूचा, रायगडकडला. बिल्डिंगखाली त्याचं किराण्याचं दुकान आहे, इथे त्याला बकाला म्हणतात. त्याने एकदा नासका नारळ दिला आणि बदलून द्यायला नकार दिला, त्यावरून रफिकचा आणि त्याचा दोन वर्षं अबोला होता. रफिक दूधही पलीकडच्या गल्लीतून आणायचा. शनिवारी सकाळी मी कोथिंबिरीला खाली गेले तर बदरुद्दीन म्हणतो, "भाभी, हजला निघालात आणि आम्हाला सांगितलं पण नाही?"

"कोण म्हणालं?"

"रफिकभाई येऊन गेला काल. हात धरला माझा. म्हणाला, बोललं-चाललं माफ कर. नारळाचं पण."

आमच्यात रीत आहे. हजला जाणारा माणूस निघण्याआधी ओळखीच्यांच्या दारी जाऊन माफी मागतो, परतीचा भरवसा नाही म्हणून. पण हज होऊन महिने लोटले होते. आणि नुसतं गावी जाणारा माणूस काही वाण्याची माफी मागत फिरत नाही. उलट उधारी बुडवून जातो.

कोथिंबीर तिथेच विसरून मी वर आले.

वर मुनिबा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पसरून बसली होती. ती दुबईत ऊद मेथाच्या शाळेत जाते, अजमानहून बसचा प्रवास, येताना अर्धी झोपलेली असते. तिचं ह्या टर्मचं प्रोजेक्ट आकडेशास्त्राचं होतं.

"मम्मी, कॅन आय यूज दॅट मॅप? आपल्या गावचा?"

"वापर. आणि मोठ्याने वाचून दाखव अब्बूंना, पाण्यामुळे काय होतं ते."

"पण इट कान्ट बी द वॉटर," ती म्हणाली. "त्या संस्थेच्या साइटवर बायकांचं वेगळं दिलंय. आपल्या तालुक्यात बायका नॉर्मल आहेत. ओन्ली मेन. बायका सेम पाणी पितात ना?"

बायका जास्तच पितात, भरतातही त्याच. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी नणंदेला फोन लावला. फिझा गावातच असते, आणि गावात कोण कधी आणि कशाने गेलं हे तिला न विचारताही कळतं.

"कॅन्सरवाले?" फिझा म्हणाली. "थांब भाभी. मैमुनाबीचा थोरला, कुवेतवाला. मग तो मस्कतवाला, जेटीजवळचा, घर बांधून वर्ष नाही झालं. वरच्या वाडीतला दत्ताराम, शारजावाला. मागच्या गल्लीतला दोहावाला, त्याचं नाव काय बरं. आणि ती एक आपली म्हातारी, मिश्री लावायची ती. विहिरीला कुलूप घालतायत भाभी उद्या. पण खरं सांगू, ती म्हातारी त्या विहिरीचं पाणी पीतच नव्हती, तिच्या दारात बोअरिंग."

फोन स्पीकरवर होता. मुनिबा लिहून घेत होती, ती थांबली.

"फुप्पी, हे सगळे गल्फमध्ये होते?"

"होते की. आजारी पडले तशी आले घरी. आजारी माणूस आणखी कुठे जाणार?"

फोन ठेवल्यावर मुनिबाने कागदावर आडवी रेघ मारली. अंश आणि छेद, एवढं मलाही येतं.

"लुक. रेघेखाली कोण? पॉप्युलेशन. म्हणजे गावात राहतात ते. रेघेवर कोण? गावात डेथ झाली ते. दत्ताराम अंकल खाली नव्हतेच, ते तर इकडे राहत होते. बट ही केम ऑन टॉप. सगळे तसेच. खाली मोजलेच नाहीत आणि वर मोजले. म्हणून आपण रेड."

"आणि शेजारचा तालुका? तो तर पांढरा."

"ते लोक कुठे असतात?"

"मुंबईत. सगळे मुंबईला."

"मग ते आजारी पडून मुंबईच्याच हॉस्पिटलात... दे गेट काउंटेड देअर."

"आणि अजमानचा असा नकाशा काढला तर?"

"अजमान विल लुक व्हेरी हेल्दी," मुनिबा म्हणाली. प्रोजेक्ट जमल्यामुळे तिचा चेहरा उजळला होता. "आजारी लोक निघून जातात ना."

ती टायपिंग करायला लागली. मी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसले, जिथे पेटी असायला हवी होती. दत्ताराम रफिकच्याच हाताखाली होता. शारजात राहायचा, कामाला अल क्वोजलाच. दोन वर्षांपूर्वी रफिकनेच त्याला विमानतळावर सोडलं होतं. सुट्टीवर चाललाय, असं घरी येऊन सांगितलं होतं. दत्तारामचीही पेटी गेली नव्हती. मी तेव्हा विचारलंही होतं, पेटी नाही का, आणि रफिक म्हणाला होता, "कशाला ओझं?"

तेच शब्द.

संध्याकाळी व्हॅनच्या वेळेला मी खाली जाऊन उभी राहिले. मला बघून तो चपापला. पोरीला काही झालं का म्हणाला. मी म्हटलं, नाही, चला जरा, आणि त्याला बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये नेलं. मगरिबची अजान नुकतीच होऊन गेली होती.

"दत्ताराम काय सांगून गेला होता?"

"आता कुठे दत्ताराम?"

"सांगा ना."

"सुट्टीवर जातो म्हणाला."

"आणि तुम्ही काय सांगणार होतात?"

शेजारी एक गाडी उभी होती, महिनोन्‌महिने न धुतलेली. तिच्या बॉनेटवरच्या धुळीकडे तो बघत राहिला.

"व्हिसाचं मेडिकल झालं," शेवटी म्हणाला. "छातीचा फोटो काढला. नंतर सेंटरमधून फोन आला, परत या, आणखी एक फोटो काढायचा आहे."

"मग?"

"मग काय. नंबर ब्लॉक केला."

"रफिक."

मी त्याला नावाने हाक मारत नाही. त्याने वर बघितलं.

"डाग दिसला की काय होतं तुला माहीत नाही," तो म्हणाला. "टीबी लिहितात. पासपोर्टवर शिक्का, आणि यल्ला, चालते व्हा. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला असं पाठवायचं? त्यापेक्षा आपल्या पायांनी जावं."

"टीबी आहे का पण?"

"माहीत नाही."

"मग काय आहे?"

"तेच माहीत नाही. आणि इथे माहीत करून घ्यायचं नाहीये मला. गावी जाऊन बघू."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू मुनिबाला सांगितलं असतंस. मुनिबाने मोबाइलला विचारलं असतं. मग मोबाइलने मला संध्याकाळपर्यंत मारून टाकलं असतं."

हे खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. मी त्या बॉनेटवर बोटाने आडवी रेघ मारली. मुनिबाने मला सांगितलं तसंच त्याला सांगितलं. रेघेखाली राहणारे, रेघेवर गेलेले. कुवेतवाला, मस्कतवाला, दोहावाला, एकेकाचा ठिपका दिला. दत्तारामच्या ठिपक्याशी थांबले.

"दत्तारामच्या आईला भेटले होते मी मागच्या सुट्टीत. ठकुबाईला. ती एकच सांगत होती. तिथला डॉक्टर म्हणाला, ह्याला वर्षभर आधी आणायला हवं होतं. वर्षभर आधी तो कुठे होता?"

"माझ्याकडे," रफिक म्हणाला. "स्प्रेच्या खोलीत."

"खोकत होता?"

"सगळेच खोकतात तिथे."

"आणि तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"सेंटरला जाऊ नकोस म्हणून मीच सांगितलं." आवाज अगदी बारीक झाला होता. "मला वाटलं, त्याचं भलं करतोय."

गाडीचा मालक, कोणी पठाण, लांबून आमच्याकडे बघत येत होता. त्याच्या बॉनेटवर आम्ही काय हिशोब मांडलाय, त्याला कळेना. "सॉरी हबीबी," रफिक म्हणाला आणि बाहीने ठिपके पुसून टाकले, सगळे. अख्ख्या गाडीत तेवढीच जागा स्वच्छ झाली.

त्या रात्री त्याने ब्लॉक केलेला नंबर सोडवला. मृणालिनीला मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तिच्याकडे एकही मत नव्हतं. एवढंच म्हणाली, "फोटो परत काढायला बोलावतात म्हणजे हाकलायलाच बोलावतात असं नाही गं. इन्शुरन्सच्या कार्डावर काय काय मिळतं ते मी बघते," आणि डोळे पुसायला आत गेली.

सोमवारी सेंटरला गेलो. तिथे दुसरा फोटो काढला, कफाची तपासणी केली. टीबी दिसत नाही म्हणाले, पण डाग आहे, मोठ्या हॉस्पिटलात जा, मोठा स्कॅन करा. हातात कागद दिला. रफिक तो कागद मागून पुढून बघत होता. शिक्का कुठे दिसेना, म्हणून बिचाऱ्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

हॉस्पिटलच्या काउंटरवर एक केरळी मुलगी होती.

"अंकल, ॲड्रेस?"

"मुक्काम पोस्ट खारबंदर," रफिकने सुरुवात केली, "तालुका..."

"इंडिया का नहीं अंकल. इधर किधर रहते हो?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी पुढे झाले.

"अजमान लिखो," मी म्हटलं, आणि बिल्डिंगचं नाव, मजला, फ्लॅट, सगळं सांगितलं. बकाल्याची खूणही सांगितली, ती तिने लिहिली नाही.

बाजूला आल्यावर रफिक हळूच म्हणाला, "व्हिसा महिन्याभराचा राहिलाय."

"मग महिनाभर तरी इथले आहोत ना."

खुर्च्यांवर बसलो. भिंतीवरच्या टीव्हीवर कोणी अरबी बाई भेंडी करत होती, आवाज बंद. माझ्या मोबाइलवर गावचा ग्रुप चालू होता. विहिरीला कुलूप घातल्याचे फोटो, कुलपाला हार. मालक शिव्या देत होता आणि ज्याने पहिला फोटो टाकला होता तो अंगठे देत होता. मी लिहिलं, "विहिरीचा काही दोष नाही." मग ते पुसलं. दोष नाही तर कशाचा आहे, हे लगेच विचारणार, आणि ते मला त्या दिवशी लिहायचं नव्हतं. शिवाय खरंच दोष नाही हे तरी मला कुठे ठाऊक होतं? मी लिहिलं, "आधी पाणी तपासून घ्या. मग काय ते बोला."

फिझाने लगेच विचारलं, "भाभी, तू कुठे आहेस?"

"कामात आहे," मी लिहिलं.

रफिकने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मग अंगठी, मग पाकीट. स्कॅनच्या खोलीत धातू चालत नाही म्हणतात. पाकिटात धातू कुठला, पण मी घेतलं. त्याचे हात पॉलिशने कायमचे तपकिरी झालेत, नखांच्या कडा तर लग्नातच तशा होत्या. ते हात रिकामे झाल्यावर कुठे ठेवावेत हे त्याला सुचेना.

"त्या नारळाचं सांगतो," तो म्हणाला. "खरंच नासका होता."

"माहीत आहे मला. मीच फोडला होता."

"नारळ त्याचा नासका आणि माफी मी मागितली."

"मग घ्या ना परत."

"माफी अशी परत घेता येत नाही शहनाझ."

"नारळ तरी बदलून घ्या."

दारातून नर्सने त्याचं नाव पुकारलं, चुकीचं, रफिका म्हणाली. तो उठला. दोन पावलं गेला आणि मागे वळला.

"किती झालाय आता नारळ?"

"चार दिरहम."

त्याने थोडा वेळ हिशोब केला. "म्हणजे शंभर रुपये," तो म्हणाला. "एका नारळाला," आणि मान हलवत आत गेला.